पर्यटक असं का वागतो, हे शिकायचंय? मग हॉटेल मॅनेजमेंट नको

देवगडहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी कला शाखेत आहे. किनाऱ्यावर येणारी माणसं अशी का वागतात आणि गावाचं नुकसान न होता पर्यटन कसं चालेल, हे तिला शिकायचंय. आईचा प्रश्न: यात नोकरी आहे का, की शेवटी होमस्टेच चालवायचा? त्यापेक्षा हॉटेल मॅनेजमेंटला घालू का?

ताई, नमस्कार.

हॉटेल मॅनेजमेंटमध्ये स्वयंपाकघर, खोल्यांची व्यवस्था आणि हिशेब शिकवतात. शिक्षण चांगलं आहे, पण तुमच्या लेकीचा प्रश्न वेगळा आहे. तिने समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र घेऊन बीए करावं आणि जोडीला संख्याशास्त्राचा एखादा पेपर घ्यावा. आकड्यांना घाबरून कला शाखेची बरीच मुलं इथेच अडतात. पुढे आयआयटीटीएम, म्हणजे भारतीय पर्यटन आणि प्रवास व्यवस्थापन संस्थेतून पर्यटनात एमबीए करता येईल. या संस्थेचं एक केंद्र गोव्यातही आहे. घरी राहून शिकायचं असेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचा पर्यटनातला पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. प्रवेशाचे नियम बदलत असतात, ते संस्थेच्या संकेतस्थळावरच पाहा.

पण पदवीची वाट न पाहता तिला आत्ताच कुणकेश्वरला बसवा. तिथे देऊळ आणि समुद्र शेजारी शेजारी आहेत. देवळाबाहेर न सांगता चपला काढणारं कुटुंब वाळूत उतरल्यावर कसं वागतं, ते तिने टिपावं. चार रविवार आणि तुलनेसाठी दोन साधे दिवस, संध्याकाळी दोन-दोन तास. वहीत रकाने असे: गटात किती माणसं, कुटुंब की मित्रमंडळी, डबा घरचा की विकतचा, ताटल्या-पेले कसले, उठताना कचऱ्याचं काय केलं, जवळची कचरापेटी किती पावलांवर. पन्नासेक गट झाले की चित्र दिसू लागतं. नाव आणि फोन नंबर कुणाचेच घ्यायचे नाहीत.

आधी पाहायचं, मग विचारायचं. “कचरा टाकता का?” असं आधीच विचारलं तर सगळे नाहीच म्हणणार, आणि वहीही त्यांच्या समोर असल्याने तेवढ्यापुरते नीटही वागणार.

सगळ्यात मोठी चूक होते ती निष्कर्ष काढताना. “अमक्या भागातले लोक घाणेरडे” असं लिहून मोकळं होणं फार सोपं आहे. वीस माणसांचं एकत्र कुटुंब घरचं जेवण घेऊन येतं, ही त्यांची रीत. पण थर्माकोलच्या ताटल्या वाळूत राहतात त्या दोनशे पावलांत पेटी नसल्यामुळेही असू शकतात. पेटी जवळ हलवून पुन्हा मोजल्याशिवाय दोष संस्कृतीला देऊ नये. अभ्यासक्रमात डच संशोधक हॉफस्टेड यांची देशोदेशींच्या संस्कृतीची मोजमापं येतील. ती मुख्यतः आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवर उभी आहेत. देशाचा आकडा समोरच्या एका माणसाला चिकटवू नये, हे तिने पहिल्यापासून लक्षात ठेवावं.

माणसांच्या वागण्याच्या या समजेचा उपयोग कसा होतो, ते मंडणगड तालुक्यातल्या वेळासला दिसतं. तिथे कासवाची पिल्लं समुद्रात जाताना पाहायला पर्यटक येतात. कासवाची पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, त्यामुळे बॅटरी किंवा फ्लॅशने ती समुद्राऐवजी भलतीकडे वळतात. पिल्लू हातात घेऊन फोटो हवा, ही पाहुण्याची हौस नुसत्या फलकाने थांबत नाही. दोरी कुठे बांधायची, पुढे लहान मुलांना बसवायचं का, सूचना कुणी आणि कोणत्या भाषेत द्यायच्या, हे ठरवणारं माणूस लागतं. हीच तुमच्या लेकीची नोकरी.

पगाराचं स्पष्ट सांगते: सुरुवातीला कमी असतो आणि जागा मोजक्या. कामं मिळतात ती सहल कंपन्यांत, कांदळवन आणि सागरी संवर्धनाच्या प्रकल्पांत, गावांचे पर्यटन आराखडे करणाऱ्या सल्लागारांकडे. बरीचशी कंत्राटी असतात. म्हणून मालवणी, मराठी, हिंदी, इंग्रजी पक्की ठेवून कन्नडही शिकू द्या. बेळगावकडून येणाऱ्या गाड्या तुम्ही रोज बघताच.

होमस्टेचं म्हणाल तर तो कमीपणाचा नाही. मे महिन्यात विहीर तळाला जाते तेव्हा किती पाहुणे घ्यायचे आणि पाणी जपून वापरायला त्यांना कसं सांगायचं, हे नेमकं जाणणारी मालकीण गावाला हवीच आहे. मात्र तो निर्णय तिला पदवीनंतर घेऊ द्या. बारावीची परीक्षा आधी. कुणकेश्वरची वही दिवाळीच्या सुट्टीत सुरू केली तर अभ्यासाच्या आड येणार नाही.