रेट्रोसाठी बोर्ड निवडताना

तुमची पहिलीच रेट्रोस्पेक्टिव्ह बैठक (झालेल्या कामात काय जमले, काय नाही, यावर टीमने मिळून बोलण्याची बैठक) असेल आणि टीममधले काही जण पुण्यात, तर काही जळगाव-धुळ्यात बसून काम करत असतील, तर सर्वांनी चिठ्ठ्या लिहायच्या ऑनलाइन बोर्डाचे साधन निवडताना सुविधांची यादी पाहण्याआधी सर्वांत कमजोर इंटरनेट असलेल्या सहकाऱ्याचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते. आमच्या टीममधला एक जण यावलजवळच्या गावातून मोबाईलच्या हॉटस्पॉटवर जोडला जाई. चित्रांनी भरलेला बोर्ड त्याच्याकडे उघडेपर्यंत इतरांच्या चिठ्ठ्या लिहून झालेल्या असत आणि तो 'माझं काही नाही' म्हणून गप्प बसे. तेव्हापासून मी बोर्डावर 3 रिकामे रकाने आणि चिठ्ठ्या एवढेच ठेवतो, आणि लिंक आदल्या दिवशी पाठवतो.

मिरो या ऑनलाइन बोर्डाच्या मोफत योजनेत संपादन करता येणारे 3च बोर्ड मिळतात, त्यामुळे दर स्प्रिंटला (कामाच्या काही आठवड्यांच्या ठरावीक टप्प्याला) नवा बोर्ड उघडण्याची सवय लावू नका. एक्सकॅलिड्रॉ हे तसेच दुसरे साधन खाते न उघडता, नुसत्या लिंकवर चालते. लहान टीमने तिथूनच सुरुवात करावी. बोर्डाची प्रत मात्र प्रत्येक वेळी उतरवून ठेवा, कारण गूगलचे जॅमबोर्ड हे असेच साधन 2024च्या अखेरीस बंद झाले, तसे कोणतेही साधन बंद होऊ शकते.

सर्वांचे लिहून होईपर्यंत चिठ्ठ्या एकमेकांना दिसणार नाहीत, अशी सोय असेल तर ती अवश्य वापरा. वरिष्ठांची चिठ्ठी आधी दिसली की नवखी मुले तेच शब्द पुन्हा लिहितात.