वाचकांचे प्रश्न : पंचवटीतून सीता एलियाला

प्रश्न : ताई, आम्ही निफाडचे, द्राक्षबाग आहे. एप्रिलची खरड छाटणी उरकली की मे महिन्यात आई, मी आणि मिसेस असे तिघं श्रीलंकेला जायचं म्हणतोय. आई अडुसष्ट वर्षांची, गुडघे दुखतात पण हौस दांडगी. सीता गुंफेत ती लहानपणापासून वाकून जाऊन आलीय, आता रावणाने सीतामाईला जिथे ठेवलं ती जागा बघायची म्हणते, आणि रामकुंडाचं पाणी सोबत न्यायचंय तिला. मला चहाचे मळे बघायचेत. टूरवाला म्हणतो कँडी ते नुवारा एलिया एका दिवसात आठ ठिकाणं दाखवतो. जमेल का?
— एक वाचक, निफाड

उत्तर : आठ नाही जमणार दादा. म्हणजे गाडी आठ ठिकाणी थांबेल, पण बघून एकही होणार नाही. मी हा रस्ता दोनदा केलाय. पहिल्यांदा आमच्या टूरवाल्याने कँडी सोडली दुपारी साडेबाराला, मग मसाल्याची बाग, रत्नांचं दुकान, लाकडी वस्तूंचं दुकान असं करत करत चहाच्या फॅक्टरीत पोचलो तर मशिनी बंद आणि झाडलोट चाललेली, आणि सीतेच्या देवळात गेलो तोवर अंधार पडलेला. देवळाखालच्या ज्या ओढ्यात सीतामाई स्नान करायची म्हणतात, ज्याच्यासाठी सासूबाई आल्या होत्या, तो त्यांना दिसलाच नाही, नुसता पाण्याचा आवाज आला. ते मला फार लागलं. दुसऱ्या वेळी चारच ठिकाणं ठरवली आणि दुकानं सगळी काढून टाकली. तुम्हीही टूरवाल्याला हे आधीच सांगा, लिहून घ्या.

आदल्या रात्री कँडीलाच मुक्काम करा. पहाटे साडेपाचला दळदा मालिगावा उघडतं, बुद्धाच्या दाताचं देऊळ, तिथे सकाळची पहिली पूजा असते. ढोल आणि सनईसारखं वाद्य वाजायला लागतं, लोक हातात कमळं आणि जाईसारखी पांढरी फुलं घेऊन रांगेत उभे. दात काही दिसत नाही बरं का, सोन्याच्या करंड्यात एकात एक ठेवलेला असतो, आपल्याला बाहेरचा करंडा दिसतो तोही क्षणभर. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर, डोक्यावर टोपी नको, आणि बुद्धाकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, ते लोक फार मनाला लावून घेतात. एक मात्र बघा, मे महिन्यात जाताय तर वैशाख पौर्णिमा टाळा. आपली बुद्धपौर्णिमा म्हणजे त्यांचा वेसाक, सगळ्यात मोठा सण. रोषणाई अप्रतिम असते पण गर्दीत आईंचे हाल होतील. एरवीही तिथे दर पौर्णिमेला सुट्टी असते.

साडेसातला निघा. नुवारा एलिया पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आहे पण तीन तास धरा, सगळा घाट. आईंना पुढच्या सीटवर बसवा आणि आवळासुपारी जवळ ठेवा. पाऊस फार झाला तर दरडी येतात, तेव्हा निघायच्या आधी ड्रायव्हरला रस्त्याची चौकशी करायला लावा. गंपोळा, पुसेल्लावा मागे टाकलं की दोन्ही बाजूला मळे सुरू होतात. रंबोड्याला चिन्मय मिशनचं हनुमानाचं देऊळ आहे, १८ फुटी मूर्ती, समोर दरी आणि पलीकडे धबधबा. अर्धा तास पुरे.

आता चहा, आणि इथे घाई करू नका, कारण शेतकरी माणसाला हे बघायला जी मजा येईल ती दुसऱ्या कुणाला नाही यायची. रंबोड्याच्या पुढे लबुकेलीला फॅक्टरी आहे, अकरापर्यंत पोचलात तर सगळं चालू दिसेल. रविवार नको, मळ्यात तोडणी नसते. तुम्हाला गंमत वाटेल, या डोंगरांवर आधी कॉफी होती. १८६९ पासून तिच्यावर तांबेरा पडायला लागला आणि काही वर्षांत बागाच्या बागा गेल्या. पण जेम्स टेलर नावाच्या एका स्कॉटिश माणसाने १८६७ मध्येच कँडीजवळच्या लूलकंदुरा इस्टेटीवर १९ एकरात चहा लावून ठेवलेला होता, मग सगळे त्याच्या मागे गेले. म्हणजे आज जे हिरवंगार दिसतं ते एका बुरशीमुळे, हे द्राक्षवाल्याला वेगळं समजावून सांगायला नकोच.

चहाचं झुडूपही छाटणीवरच असतं. सोडून दिलं तर चांगलं मोठं झाड होतं, म्हणून दर काही वर्षांनी खाली छाटायचं आणि वरचा भाग सपाट ठेवायचा, बाईच्या कमरेएवढा, म्हणजे हात सहज पोचतो. दोन पानं आणि एक कळी एवढंच खुडायचं, आठवड्याभराने परत त्याच झुडपावर यायचं. फॅक्टरीत वरच्या मजल्यावर लांबच लांब जाळीच्या खाटांसारखं असतं, त्यावर पाला पसरतात आणि खालून पंख्याची हवा सोडतात. मी मूठभर उचलून बघितला, शिळ्या मेथीसारखा लिबलिबीत, मोडला तर मोडत नाही. असा झाला की मगच खाली वळायला जातो, गोल फिरणाऱ्या मोठ्या पितळी थाळ्यांत दाबून दाबून वळतात. तिथे उभं राहून बघा, तुमच्या डोळ्यांदेखत हिरव्याचा तांब्याचा रंग व्हायला लागतो, नुकत्या घासलेल्या तांब्यासारखा, आणि कापलेल्या गवताचा वास जाऊन पिकल्या फळासारखा वास येतो. मग भट्टीतून वाळवणी, मग चाळणी. साधारण साडेचार किलो ओल्या पाल्याचा एक किलो चहा होतो.

नुवारा एलियाला पोचाल तेव्हा स्वेटर घाला. ते शहर १८६८ मीटरवर आहे, आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याच्याही वर गाव वसलंय. जेवण करून आईंना जरा पाठ टेकू द्या, आणि अडीचच्या सुमाराला सीता एलिया, म्हणजे आईंना बघायची ती जागा, पाच-सहा किलोमीटर पुढे, बदुल्ल्याच्या रस्त्याला.

देऊळ रस्त्याला लागूनच आहे, थोड्या पायऱ्या उतरायच्या, रंगीबेरंगी दाक्षिणात्य गोपुर, मागे दाट झाडी आणि भरपूर माकडं. खाली ओढा. सीतामाई इथे स्नान करायची असं मानतात. ओढ्याच्या खडकात खोलगट खळगे आहेत ती हनुमानाची पावलं, आणि शेजारीच सीतेपुढे हात जोडलेल्या हनुमानाची मूर्ती. पंचवटीत आपण म्हणतो इथून नेलं, आणि तिथे ते म्हणतात इथे आणून ठेवलं. मी त्या खडकावर बसले होते तेव्हा एकदम गुंफेतला तो वाकून जायचा बोळ आठवला आणि डोळे भरून आले. सासूबाईंनी पाण्यात हात घातला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

रामकुंडाचं पाणी अवश्य न्या. १९ मे २०२४ ला या देवळाचा कुंभाभिषेक, म्हणजे देवळावर पवित्र जलाचा अभिषेक झाला तेव्हा अयोध्येहून शरयूचं पाणी पाठवलं होतं, तेव्हा आपल्या गोदामाईचंही जायलाच हवं. छोटी बाटली घ्या, झाकणाला टेप गुंडाळा आणि चेक-इन बॅगेत कपड्यांमध्ये ठेवा, हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरच्या वर द्रवपदार्थ नेऊ देत नाहीत. तिथे परस्पर ओतू नका, पुजाऱ्यांच्या हातात द्या. ते तमिळ बोलतात, पण "गोदावरी, पंचवटी" एवढं म्हटलंत की पुढचं त्यांना कळतं.

आणि एक गोष्ट आईंना जरूर सांगा. या डोंगरात ही देवळं टिकली ती मळ्यातल्या माणसांमुळे. इंग्रजांनी तमिळनाडूतून मजूर नेले, आधी कॉफीसाठी आणि मग चहासाठी, त्यांनी देव सोबत नेले. श्रीलंका स्वतंत्र झाल्यावर १९४८ च्या कायद्याने यातल्या बहुतेकांना नागरिकत्वच नाकारलं, १९६४ मध्ये आपले पंतप्रधान शास्त्रीजी आणि तिकडच्या पंतप्रधान सिरिमावो बंडारनायके यांचा करार झाला, लाखो लोक भारतात परत पाठवायचं ठरलं, आणि उरलेल्यांचा प्रश्न शेवटी २००३ च्या कायद्याने सुटला. एवढ्या काळात पूजा चालू राहिली. म्हणून मळ्यातल्या बायांचा फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, त्या कामावर आहेत, दिवसाचा पाला मोजून द्यायचा असतो त्यांना. पाठीवरची पिशवी डोक्याला पट्ट्याने अडकवलेली असते, भरली की मान बघवत नाही.

प्रश्न : इगतपुरीला आमची पाच एकर जमीन पडीक आहे. पाऊस तिकडे भरपूर. श्रीलंकेहून चहाची रोपं आणून लावली तर?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : रोपं बॅगेत घालून आणायची नाहीत, परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, विमानतळावर काढून घेतील. आणि ते कारण आहेच पण खरं कारण दुसरं. इगतपुरीला पाऊस धो धो पडतो तो चार महिन्यांत, पुढे आठ महिने कोरडे. चहाला वर्षभर थोडा थोडा पाऊस आणि धुकं लागतं, म्हणजे सतत नवी पालवी येत राहते. माती आंबट हवी, सामू (पीएच) साडेचार ते साडेपाच, आणि मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही. कुतूहल म्हणून कुंडीत एखादं झाड लावायचं असेल तर रोप आपल्याकडच्याच नर्सरीतून घ्या. जमिनीसाठी कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून घ्या आणि तिकडे चालणारं पीक विचारा.

प्रश्न : श्रीलंकेहून चहा आणायचाय, पण घरी सगळ्यांना दूध घालून उकळलेलाच लागतो. कुठला घ्यावा?
— एक वाचक, सिडको

उत्तर : मग नुवारा एलियाचा घेऊ नका, म्हणजे उकळायला घेऊ नका. तो उंचावरचा, रंगाला फिका आणि वासाला नाजूक, दुधात हरवून जातो. दुधासाठी सखल भागातला घ्या, रुहुना म्हणतात त्याला, रंग गडद आणि चव दणकट. पाकिटावर बी.ओ.पी. किंवा डस्ट लिहिलेलं बघून बिचकू नका, ती पानाच्या आकाराची नावं आहेत, डस्ट म्हणजे केरकचरा नव्हे, आपल्या उकळीच्या चहाला तीच बरी. तलवार धरलेल्या सिंहाचं चिन्ह बघून घ्या, ते असलं की चहा पूर्ण तिकडचा आणि तिकडेच पॅक केलेला. नुवारा एलियाचं एक छोटं पाकीट मात्र स्वतःसाठी आणा, उकळतं पाणी ओतून तीन मिनिटं झाकून ठेवा, दूध नाही, साखर नाही. आणि पाकीट फोडलं की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात, गोडा मसाल्याच्या शेजारी अजिबात नको, दोन दिवसांत वास धरतो.