रोबोने ड्रिल मारताना होल सरकतं, ओव्हल होतं. कंट्रोल कोणतं लावावं?

तुमचं म्हणणं असं: नाशिकजवळच्या अंबडच्या शेडमध्ये सहा ॲक्सिसचा रोबो, ॲल्युमिनियम पॅनेलवर ६ मिमीचं होल, पोझिशन बरोबर शिकवलेली, तरी होल जागा सोडतं आणि गेजला ओव्हल लागतं. मग सर्व्होचे गेन (मोटर चूक किती जोराने सुधारते ते) वाढवू का?

गेनला हात लावू नका. अशा रोबोचा कडकपणा टोकाशी बहुधा मायक्रॉनला (मिमीचा हजारावा भाग) १ न्यूटनहून कमी असतो. ०.५ धरा. ड्रिलचा रेटा ३०० न्यूटन आला तर हात ०.६ मिमी लवतो. नुसता मागे लवला असता तरी निभावलं असतं, पण सांधे तिरपे लवतात आणि ड्रिलचं टोक पत्र्यावर आडवं घसरतं. होलच्या तोंडाशी भिंग धरून बघा. एकाच बाजूला चंद्रकोरीसारखा ओरखडा असेल, तर निदान पक्कं.

उपाय म्हणजे पोझिशनऐवजी बळ कंट्रोल करणं. स्पिंडलभोवती प्रेशर फूट (पत्र्यावर दाबून बसणारं कडं) लावा, मागे आडवं बळही मोजणारा लोडसेल (बळाचा सेन्सर). आधी फूट १०० न्यूटनने टेकवा. सेन्सरवर आडवं बळ दिसलं, तर ते १०-१५ न्यूटनच्या आत येईपर्यंत रोबोला आडवा हलवून घ्या, मगच दाब ५००-६०० न्यूटनपर्यंत न्या. इथे बरेच जण फसतात: हवेचा सिलिंडर तसाच चालू ठेवला, तर फूटचा दाब कायम राहतो, त्यावर ड्रिलचा रेटा चढतो आणि हात पुन्हा लवतो. दाब भरला की फूट लॉक करा. मग ड्रिल जेवढं रेटेल तेवढा फूटवरचा दाब उतरतो, रोबोवरचं एकूण बळ तेवढंच राहतं. म्हणून तर दाब रेट्याच्या दुप्पट ठेवायचा. पॅनेलला मागून आधार हवाच, नाहीतर पत्राच वाकेल.

फीड, म्हणजे ड्रिल पुढे सरकवणं, रोबोच्या हाताने देऊ नका. हेडमध्ये बॉलस्क्रू आणि सर्व्होची वेगळी ॲक्सिस घ्या, रोबो जागेवर उभा राहू दे. बाहेरून दुरुस्ती घ्यायला रोबोचा कंट्रोलर ४ ते १२ मिलिसेकंद घेतो आणि हात स्वतःच १०-२० हर्ट्झला थरथरतो. त्याच्याकडून चपळाईची अपेक्षा नको. कार्बाइड ड्रिलला ४८०० आरपीएम, फेऱ्याला ०.१ मिमी, म्हणजे मिनिटाला ४८० मिमी फीड. १३५ अंशांचं टोक आरपार जायला दीड दशांश सेकंद लागतो. रेटा घसरायला लागला की फीड निम्मं करा, मागची बर (होलच्या कडेला उरणारी धातूची धार) बरीच कमी होते.

एक फुकटची सोय बहुतेक वापरतच नाहीत. ड्रिलला स्वतःच्या अक्षाभोवती कसंही फिरवलं तरी होल तेच, म्हणजे सहापैकी एक हालचाल मोकळी आहे. ती वापरून हाताच्या वेगवेगळ्या पोझमध्ये स्पिंडलला ३०० न्यूटन रेटा देऊन आडवा डायल गेज लावा आणि सगळ्यात कमी रीडिंगची पोझ निवडा.

हे सगळं करूनही सकाळी बरोबर आणि दुपारी चूक असेल, तर तापमान बघा. नाशिकच्या उन्हाळ्यात पत्र्याची शेड १० अंश सहज चढते. ॲल्युमिनियम मीटरला अंशामागे २३ मायक्रॉन वाढतं, म्हणजे २ मीटरचं पॅनेल ०.४६ मिमी. प्रत्येक जॉबला दोन्ही टोकांचे रेफरन्स होल कॅमेऱ्याने वाचून मधल्या पोझिशन त्या प्रमाणात ताणून घ्या.