तारीख पुढं ढकलू नकोस, अलीकडं ओढ

"मावशी, मी ४३ वर्षांची आहे. तासगाव तालुक्यात राहते, घरची दीड एकर द्राक्षबाग आहे. नोव्हेंबरच्या शेवटाला अंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. हरभऱ्यापेक्षा मोठी, दुखत नाही. बागेत विरळणी चालली होती म्हणून पंधरा दिवस गप्प बसले. मग आशाताईंना सांगितलं, त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडं गेले. त्यांनी सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) लिहून दिली. पहिल्यांदा गेले तर मशीन बंद. दुसऱ्यांदा गेले तर डॉक्टर रजेवर. आता फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिलीय. रात्री झोप नाही. दिवसातून कितीदा हात तिथंच जातो, कधी वाटतं वाढली, कधी वाटतं बारीक झाली. हळदी-कुंकवाला जाते, सगळ्यांशी हसून बोलते, घरी येऊन मोरीत रडते. फक्त सासूबाईंना माहीत आहे. त्या म्हणतात, दुखत नाही म्हणजे काही नाही, एरंडाचं पान गरम करून बांध. ह्यांना सांगितलेलं नाही. गेल्या वर्षी व्यापाऱ्यानं पैसे बुडवले, सोसायटीचं कर्ज तसंच आहे. थोरली बारावीला आहे. इतके दिवस गेले, त्यानं काही बिघडलं असेल का? तारखेपर्यंत कसं राहायचं? का एवीतेवी उशीर झालाच आहे, तर मार्चअखेर माल उतरल्यावर निवांत जाऊ?"

– एक वाचक, तासगाव तालुका

तुझ्या पत्रातला शेवटचा प्रश्न मी आधी घेते. मशीन बंद, डॉक्टर रजेवर, लांबची तारीख हे वाचून मला राग आला. पोटात भीतीचा गोळा घेऊन आलेल्या बाईला 'पुढच्या आठवड्यात या' एवढंच सांगून परत पाठवायचं, याचं कुणालाच काही वाटेनासं झालंय. पण काळजी वाटली ती 'माल उतरल्यावर निवांत जाऊ का' या ओळीची. नाही गं. मार्चअखेर अजिबात नाही. आजवरचा उशीर बहुतेक दुसऱ्यांनी केला. हा पुढचा तू स्वतः करशील, आणि घरात कुणी त्याला हरकत घेणार नाही. बाई आपलं दुखणं पुढं ढकलते तेव्हा तिला कोण अडवतं? आधी विरळणी, मग संक्रांत, मग लेकीची परीक्षा, मग माल, माल संपला की लगेच खरड छाटणी. द्राक्षबागेत रिकामा महिना कुठला असतो, ते तूच मला सांग.

हिशेब करून बघ. नोव्हेंबरअखेरपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत सव्वादोन महिने होतात, मार्चअखेरपर्यंत चार. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासून मांडले होते. स्तनाचा कॅन्सर झालेल्या ज्या बायकांना लक्षण दिसल्यापासून उपचार सुरू व्हायला तीन महिने किंवा जास्त लागले, त्यांच्यात जगण्याचं प्रमाण कमी दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये या आजारासाठी जो कार्यक्रम आखला, त्यात बाई पहिल्यांदा दवाखान्याची पायरी चढल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावं असं म्हटलंय, आणि त्यात गरज असेल तर तुकडा काढून तपासणंही आलं. तू डॉक्टरांकडं डिसेंबरच्या मध्याला गेलीस. तुझे ६० दिवस फेब्रुवारीच्या मध्याला भरतात. म्हणजे मिळालेली तारीखच काठावरची आहे, ती आणखी लांबवायला जागा नाही.

आता, काही बिघडलं असेल का? गाठ कसली आहे हे दाबून बघून कुणालाच ठरवता येत नाही, म्हणून तर तपासण्या लागतात. पण तपासायला येणाऱ्या दहा गाठींतल्या आठ-नऊ कॅन्सरच्या नसतात. वय वाढतं तसं हे प्रमाण बदलतं, तरी तुझ्या वयात पाण्याच्या गाठी पुष्कळ निघतात. सोनोग्राफीत त्या ओळखू येतात, सुईनं पाणी काढलं की कित्येकदा बसूनही जातात. आणि समजा कॅन्सर निघाला, तरी तो हाताला लागण्याएवढा व्हायलाच बहुतेक वेळा वर्षं गेलेली असतात. मधल्या काही आठवड्यांनी सहसा सगळं हातातून जात नाही. लवकर सापडलेल्या रोगात पुष्कळदा सगळा स्तन काढावाही लागत नाही, गाठ आणि आजूबाजूचा थोडा भाग काढून पुढं रेडिएशन देतात. तेव्हा गेलेल्या दिवसांसाठी स्वतःला बोल लावू नकोस.

सासूबाईंशी वाद घालू नकोस, पण या बाबतीत त्यांचं ऐकूही नकोस. स्तनाच्या कॅन्सरची गाठ बऱ्याचदा दुखतच नाही. दुखत नाही म्हणून घरी बसलेल्या बायका आपल्या भागात थोड्या नाहीत. एरंडाचं पान, शेक, लेप, चोळणं, सगळं बंद. कातडी भाजली किंवा सुजली तर तपासणाऱ्याला मूळचं काय आणि पानाचं काय हे कळणं अवघड होतं.

आता तारीख अलीकडं कशी ओढायची ते बघू. तू मशीनच्या रांगेत उभी आहेस आणि मशीनकडंच बघत बसलीस. त्याच्या आधी सर्जनची ओपीडी असते. सांगलीच्या सिव्हिलमध्ये किंवा मिरजेच्या सरकारी दवाखान्यात सकाळी लवकर जा, केस पेपर काढ, आणि 'स्तनात गाठ आहे, सर्जनना दाखवायचंय' असं खिडकीवरच स्पष्ट सांग. लाजून 'छातीत दुखतंय' म्हणालीस तर भलत्याच रांगेत पाठवतील. ही दोन्ही रुग्णालयं मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजची. तिथं सर्जन गाठ बघतील, काख बघतील, आणि त्यांना गरज वाटली तर तपासणीच्या कागदावर 'तातडीचे' असं लिहितील. तो शब्द लिहिलेला असला की पुढच्या खिडकीवर बोलणं सोपं जातं. त्यांनी आपणहून लिहिला नाही तर तू विचार, 'डॉक्टर, ही लवकर व्हायला हवी का? तसं लिहून द्याल का?' असं विचारणं हा उद्धटपणा नव्हे.

सरावलेल्या हाताच्या तपासणीला मोल असतं. टाटा मेमोरियलनं मुंबईतल्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी फक्त हातानं स्तन तपासत होत्या. त्यामुळं पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. तुझी गाठ तर लागलेलीच आहे, म्हणून तुला हातावर थांबून चालणार नाही, मशीन आणि लागली तर सुईनं नमुना काढून तपासणी हवीच. पण सर्जनना दाखवायला मशीनच्या तारखेची वाट बघायची गरज नाही.

जिथं तारीख मिळाली तिथला फोन नंबर घे आणि दोन दिवसाआड विचार, 'कुणाची तारीख रद्द झाली का, मी तासाभरात येऊ शकते.' तारीख सोडू नकोस, तिच्याबरोबर दुसरा रस्ता धर. सोनोग्राफी तासगावात किंवा सांगलीत खासगीत आधी करून घेता येते का, दर काय, हे फोनवरच विचारून ठेव. सोनोग्राफीत नुसती पाण्याची गाठ दिसली तर निम्मा जीव भांड्यात पडेल, दुसरं काही दिसलं तर तोच कागद तुला रांगेत पुढं नेईल. आणि आशाताईंना सोडू नकोस. त्या एकदा तुझ्याबरोबर आल्या, परत येतील.

या दिवसांत काही गोष्टी दिसल्या तर मात्र तारीख विसरायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडी गाठायची. गाठीवरची कातडी आत ओढल्यासारखी किंवा संत्र्याच्या सालीसारखी होणं, बोंड नव्यानं आत वळणं, त्यातून रक्त येणं, काखेत गाठ लागणं, स्तन लाल होऊन सुजणं, गाठ भराभर वाढणं. हे आठवड्यातून एकदा, ठरल्या दिवशी, आरशासमोर बघ. बाकीच्या दिवशी हात लावायचा नाही. सारखं दाबून गाठ हुळहुळी होते आणि मग ती वाढल्यासारखी वाटते, तुझं तेच झालेलं असणार.

पैशाचं. 'कॅन्सर निघाला तर बाग विकावी लागेल' हे तू लिहिलं नाहीस, पण कर्जाच्या ओळीमागं मला तेच दिसलं. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, रेशन कार्ड कुठल्याही रंगाचं असो. त्यात कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन येतं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेची माहिती देणारा माणूस, बसलेला असतो. तपासणीच्या टप्प्यावर काय फुकट आणि काय खिशातून, हे त्याला आधीच विचार. हेल्पलाइन १५५३८८. रेशन कार्ड आणि आधार आजच एका पिशवीत काढून ठेव, दोन्हींवरचं नाव जुळतं का बघ. नावातल्या एका अक्षरासाठी माणसं हेलपाटे घालतात.

आता नवऱ्याचं, आणि इथं मी जरा जोर लावणार आहे. त्यांना आज रात्री सांग. तू त्यांचं ओझं हलकं ठेवायला बघतेस हे कळतं मला. पण त्यांनी व्यापाऱ्यानं बुडवलेले पैसे सोसले, गारपीट सोसली असेल, आणि आपल्या बायकोला गाठ आहे हे ऐकायची त्यांची ताकद नाही असं तू परस्पर ठरवून टाकलंस. उद्या त्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर त्यांना गाठीपेक्षा तेच जास्त लागेल. शिवाय तुला त्यांची कामालाही गरज आहे. दवाखान्यात एक माणूस रांगेत आणि एक खिडकीवर, अशी दोघं असली की वेळ निम्मा लागतो. कसं सांगायचं म्हणून अडली असशील तर एवढंच बोल: "मला स्तनात गाठ लागलीय. डॉक्टरांना दाखवलंय, बहुतेक साधीच निघते, पण तपासायला लागतंय. सोमवारी मिरजेला जायचंय, तुम्ही बरोबर या." गाठ, काय केलं आणि काय हवं, तिन्ही गोष्टी त्यात आल्या. ते गप्प झाले तर होऊ दे. बागेत एक फेरी मारून येतील आणि मग बोलतील. चिडले तर 'आधी का नाही सांगितलंस' म्हणून चिडतील, ते ऐकून घे.

लेकीला सगळं सांगायची गरज नाही, पण आईचं मोरीतलं रडणं बारावीतल्या पोरीला कळत नाही असं समजू नकोस. 'एक तपासणी करायचीय, बाबा बरोबर येणार आहेत, तू अभ्यास कर' एवढं पुरे.

रात्रीचं तू विचारलंस. रात्री मोबाइलवर बघत बसू नकोस, तिथं सगळ्यात वाईट गोष्टच आधी समोर येते. उशाशी वही ठेव. भीती वाटली की ती प्रश्न करून लिही: सुई लावल्यानं पसरतं का, छाती काढतील का, मुलींना होईल का. ही वही सर्जनसमोर उघडायची. पहिल्याचं उत्तर मीच देते: सुईनं किंवा तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरत नाही, त्या भीतीनं बायोप्सी टाळू नकोस. त्याच वहीत आई, मावशी, आत्या, बहिणी यांच्यात कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर होता का, शेवटची पाळी कधी आली, कुठली औषधं चालू आहेत, हे लिहून ठेव. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आवर्जून. आणि झोप चार-पाच रात्री सलग आलीच नाही तर तेही डॉक्टरांना सांग, तो फालतू विषय नाही.

तपासणीच्या दिवशी साडी-ब्लाऊज किंवा दोन भागांचे कपडे घाल, काखेत पावडर किंवा अत्तर लावू नकोस, मॅमोग्राफीत त्याचे ठिपके उमटतात. मशीनमध्ये स्तन दाबला जातो, काही सेकंद दुखतं. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर 'एक बाई हजर राहू द्या' असं म्हणायचा तुला हक्क आहे.

आणि एक नीट लक्षात ठेव. मॅमोग्राफीचा रिपोर्ट चांगला आला, पण गाठ हाताला लागतेच आहे, तर काम संपलेलं नाही. कधी कधी मॅमोग्राफीत गाठ दिसत नाही. म्हणून डॉक्टर हाताची तपासणी, फोटो आणि सुईचा रिपोर्ट हे तिन्ही जुळवून बघतात. 'नॉर्मल आहे, जावा' म्हणाले तर खुर्चीवरून उठायच्या आधी विचार: मग ही गाठ कसली, तुकडा तपासायला हवा का, परत कधी दाखवू? उत्तर कागदावर लिहून घे.

सोमवारी जाऊन आलीस की काय झालं ते कळव. रिपोर्टातला एखादा शब्द अडला तर तो आहे तसा उतरवून पाठव.

– तुझी मावशी