बागेतले प्रश्न: युक्काचा शेंडा सैल का पडतो?

प्रश्न: बुंधा धरलेला युक्का रॉस्ट्राटा (टोकदार पानांचं एक शोभेचं झाड) वाफ्यात लावला आहे. खालची पानं वाळत आहेत आणि आता मधली कोवळी पानं ओढली की हातात येतात. पाणी कमी पडतंय का?

उत्तर: उलट, जास्त झालंय. खालची पानं वाळणं नेहमीचंच, ती ठेवा किंवा कापा. काळजी मधल्या पानांची आहे. निघालेल्या पानाचं बूड पाहा. ते तपकिरी, बुळबुळीत असेल आणि कुबट वास येत असेल, तर शेंडा सडतोय. सैल पानं काढा, स्पिरिटने पुसलेल्या चाकूने पांढरा, टणक गर लागेपर्यंत सडका भाग कापा आणि जखम सुकू द्या. वर पाणी अडवणारं छप्पर हवं, बाजू मात्र उघड्या. बुंधा टणक असेल तर पुढे बाजूने फुटवे येऊ शकतात. दाबल्यावर आत जात असेल तर झाड गेलंच.

हे झाड उत्तर मेक्सिको आणि पश्चिम टेक्सासमधल्या खडकाळ, कोरड्या उतारांवरचं. मुळं कोरडी असली की जम बसलेलं झाड उणे १५ अंशही सोसतं. थंडी आणि ओल एकत्र आली की मात्र त्याहून पुष्कळ सौम्य थंडीतही सडतं.

म्हणून नवीन रोप खड्ड्यात नको, ३० सेंमी उंच आणि मीटरभर रुंद उंचवट्यावर लावा. दोन भाग ३ ते ८ मिमीची खडी, एक भाग बागेतली माती. बारीक वाळू नको, ती मातीतल्या पोकळ्या बुजवते. चिकण मातीत खड्डा खणून खडी भरणं तर सगळ्यात वाईट: आजूबाजूचं पाणी त्यातच उतरतं आणि तुंबतं. मुळांचा गड्डा ३ सेंमी वर राहू द्या. मुळं तोडून आणलेलं झाड असेल तर पहिल्या उन्हाळ्यात भरपूर पाणी द्या, पण वरची १० सेंमी माती सुकल्यावरच.

प्रश्न: युक्का फुलतो, पण बी का धरत नाही?

उत्तर: बहुतेक युक्कांचं परागण त्यांच्या मूळ प्रदेशातला एक खास पतंग करतो. तो नसेल तिथे ते काम तुमचं. संध्याकाळी फुलं पूर्ण उमलली की चिमट्याने परागाचा चिकट गोळा उचला आणि दुसऱ्या झाडाच्या फुलात, मधल्या स्त्रीकेसराच्या टोकावरच्या खळग्यात आत दाबा. नुसता ब्रश फिरवून भागत नाही, कारण पराग आत पोचावा लागतो. त्याच जातीचं, पण बियांपासून वाढवलेलं दुसरं झाड मिळालं तर उत्तम. एकाच झाडाचे फुटवे म्हणजे तेच झाड. डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय पानांत वाकू नका.

प्रश्न: घायपाताचा फुलोऱ्याचा दांडा कापला तर झाड वाचेल का?

उत्तर: नाही. फुलोरा आलेला तो पानांचा गुच्छ मरणारच. बुडाशी पिल्लं असतील तर ती मुळांसकट वेगळी करा, काप आठवडाभर सावलीत सुकवा आणि मग लावा.