बळ एका चिलखताचे, रूप दुसऱ्याचे

वैशाखात खानदेशातली दुपार घराबाहेर काढण्याजोगी नसते. त्यामुळेच की काय, या महिन्यात ऑनलाइन रोल-प्लेइंग गेमविषयी, म्हणजे ज्यात आपण एका पात्राच्या भूमिकेत शिरून खेळतो त्या खेळांविषयी, निवडलेली चारही पत्रे तिकडची आहेत आणि चारही एकाच गोष्टीभोवती फिरतात, ती म्हणजे पात्राच्या अंगावरचे चिलखत दिसते कसे.

माझा योद्धा आता वरच्या लेव्हलला पोचला आहे. नवे चिलखत आधीच्यापेक्षा बळकट असते, म्हणून घालावेच लागते. पण हिरवे शिरस्त्राण, तांबूस छाती आणि खांद्यावर भलेमोठे काटे असा त्याचा अवतार पाहून सोबतचे खेळाडू त्याला बहुरूपी म्हणतात. चांगले दिसायचे तर बळ कमी करायचे, एवढाच उपाय आहे का? (एक विद्यार्थी, भुसावळ)

नाही, आणि आपला योद्धा असा दिसतो यात आपला काही दोषही नाही. चित्रकार चिलखत आखतात ते डोक्यापासून पायापर्यंत एक संच म्हणून. खेळ मात्र त्याच संचाचे तुकडे वेगवेगळ्या शत्रूंकडे वाटून ठेवतो आणि कोणता तुकडा केव्हा हाती लागेल हे बव्हंशी नशिबावर सोडतो, त्यामुळे वर चढणाऱ्या प्रत्येक पात्राच्या अंगावर चार संचांची ठिगळे जमा होतातच. जळगावच्या सराफाकडे दागिन्याचे वजन आणि दागिन्याचा घाट यांचा हिशेब वेगळा होतो. चिलखताचेही तसेच आहे: त्याचे आकडे हे वजन आणि त्याचे रूप हा घाट. खेळाडू ज्याला ‘ट्रान्समॉग’ किंवा नुसते ‘मॉग’ म्हणतात, त्यात अंगावरच्या तुकड्याचे वजन तसेच राहते आणि त्यावर दुसऱ्या तुकड्याचा घाट चढतो.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ २००४ मध्ये आला, पण ही सोय त्यात आली नोव्हेंबर २०११ च्या ४.३ या अपडेटपासून. म्हणजे सात वर्षे तिथले खेळाडू आपल्यासारखेच ठिगळे लावून हिंडत होते. तिथे शहरातल्या कारागिराकडे जाऊन खेळातलीच सोन्याची नाणी मोजावी लागतात, आणि कापड, चामडे, कड्या व पत्रा या चार जातींपैकी ज्या जातीचे चिलखत अंगावर असेल त्याच जातीचे रूप त्यावर चढते. पत्र्याचे चिलखत घालणारा योद्धा मांत्रिकाच्या झग्यात दिसू शकत नाही, आणि हे बंधन मला योग्य वाटते, कारण समोरचा कोण आहे हे लांबून ओळखू आले पाहिजे. ‘फायनल फँटसी फोर्टीन’मध्ये हीच सोय ‘ग्लॅमर’ या नावाने २०१४ मध्ये आली. तिथे आरंभी प्रत्येक तुकड्यासाठी ‘प्रिझम’ नावाची खेळातली एकेक वस्तू खर्चावी लागे. २०१८ पासून ठरवलेला पूर्ण पेहराव जतन करून एकदम चढवता येतो. ‘गिल्ड वॉर्स टू’ची २०१२ मधली पद्धत आपल्याकडच्या दागिन्यांच्या मोडीसारखी होती: दोन तुकडे एकत्र केले की एक तयार होई आणि उरलेला कायमचा जाई. आजीची एकदाणी मोडून साखळी केली की तो घाट घरातून जातो, तशी हळहळ अनेकांना लागली असणार. एप्रिल २०१४ मध्ये तिथे मिळालेली रूपे कायमची जपणारा ‘वॉर्डरोब’ आला आणि ती हळहळ संपली.

आपण लेव्हल चढत आहात तोवर मात्र रूपावर नाणी घालवू नयेत, असे मी सुचवीन. आज सजवलेला तुकडा उद्या संध्याकाळी बदलावा लागतो. नकोसे शिरस्त्राण लपवण्याची सोय बहुतेक खेळांच्या सेटिंगमध्ये फुकट असते, तेवढ्यावर भागवावे. पुढे सजवायला बसाल तेव्हा एक गोष्ट जरूर करा: पडद्यावरची आकृती पाठमोरी करून पाहा. कॅमेरा पात्राच्या मागे असतो, म्हणून तासन्‌तास खेळताना आपल्याला दिसतात ते खांदे, पाठ आणि आंगरखा किंवा झूल; निवड मात्र आपण समोरच्या छातीवरची नक्षी पाहून करतो. मी स्वतः एक संच छातीवरच्या सिंहमुखासाठी महिनाभर खपून मिळवला, आणि ते सिंहमुख मिळवल्यानंतर फार तर चार वेळा पाहिले असेल.

जुने चिलखत नाण्यांसाठी विकून टाकले. आता त्याचे रूप परत मिळेल का? (एक वाचक, धुळे)

हे खेळावर अवलंबून आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये २०१६ पूर्वी रूप वापरायचे तर मूळ वस्तू जवळ ठेवावीच लागे, आणि सामान ठेवायच्या खेळातल्या पेढ्या जुन्या लोखंडाने भरून जात. ‘लीजन’ या खेळाच्या २०१६ मधल्या विस्तारापासून (मूळ खेळाला जोडलेल्या नव्या भागापासून) मिळवलेल्या वस्तूचे रूप खात्यावर नोंदले जाते आणि वस्तू विकली तरी ते राहते. पूर्ण केलेल्या कामगिरीच्या बक्षिसांची रूपेही त्या नोंदीत येतात. ‘फायनल फँटसी फोर्टीन’मध्ये मात्र वस्तू ‘ग्लॅमर ड्रेसर’ या खेळातल्या कपाटात ठेवल्याशिवाय तिचे रूप आपले होत नाही, म्हणून तिथे विकण्यापूर्वी विचार करावा.

मुलगा गेममधल्या एका पोशाखासाठी आठशे रुपये मागतो. त्याने पात्र अधिक बळकट होते का? नसेल तर हे पैसे पाण्यात नाहीत का? (एक पालक, चाळीसगाव)

त्याने सहसा बळ वाढत नाही, आणि माझ्या मते हीच त्यातली बरी बाजू आहे. पैसे घेऊन बळ विकणारा खेळ मुलाला अधिक खर्चात पाडतो. केवळ दिसण्यासाठी पैसे घेण्याची रीत आता जुनी झाली आहे. २००६ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ या खेळात घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला विकायला काढले तेव्हा लोकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. आज त्याहून महाग पोशाख मुकाट्याने घेतले जातात.

आपण मुलाला दोन प्रश्न विचारावेत. पोशाखाची किंमत ठरलेली आहे की पैसे भरून पेटी उघडायची आणि आत काय निघेल ते नशिबावर आहे? दुसरा प्रकार असेल तर सरळ नाही म्हणावे. बेल्जियमच्या जुगार नियामक आयोगाने २०१८ मध्ये अशा काही पेट्या जुगारच ठरवल्या होत्या. दुसरा प्रश्न असा की हा खेळ तो आणखी किती दिवस खेळणार आहे, कारण विकत घेतलेला पोशाख आपल्या मालकीचा होत नाही. सर्व्हर चालू आहे तोवर तो वापरण्याची परवानगी तेवढी मिळते. ‘सिटी ऑफ हीरोज’ या २००४ च्या खेळात पोशाख आणि बळ यांचा पहिल्यापासून काहीच संबंध नव्हता, आणि पोशाख शिवण्याची त्याची सोय खेळाडूंना फार प्रिय होती. ३० नोव्हेंबर २०१२ रोजी तो बंद करण्यात आला आणि ते सगळे पोशाखही त्याबरोबर गेले. उत्तरे ऐकूनही आपल्याला आठशे रुपये द्यावेसे वाटले तर नाटकाच्या तिकिटासारखे समजून द्यावेत, पण कार्डाचा क्रमांक खेळात जतन करू नये.

डोक्यापासून पायापर्यंत सगळे काळे रंगवले, तरी छाती करडी दिसते आणि बूट निळसर. रंग सदोष आहे का? (एक वाचक, जळगाव)

रंग ठीक आहे, पृष्ठभाग वेगळा आहे. ‘गिल्ड वॉर्स टू’मध्ये तर एकच रंग कापड, चामडे आणि धातू यांवर वेगवेगळा दिसावा अशी योजनाच आहे, धातू उजेड परतवतो म्हणून त्यावरचे काळे करडे होते आणि मखमलीसारख्या कापडावर तेच दाट बसते. त्या खेळात एका तुकड्यावर चारपर्यंत भाग निरनिराळे रंगवता येतात, तेव्हा धातूच्या भागाला एक छटा अधिक गडद द्यावी. ‘फायनल फँटसी फोर्टीन’मध्ये ‘जेट ब्लॅक’ हा सर्वांत दाट काळा रंग आहे; तो महाग पडत असेल तर आधी ‘सूट ब्लॅक’, म्हणजे काजळी काळा, लावून पाहावा.

तरीही संपूर्ण काळा पेहराव मी सुचवणार नाही. आपल्याच गावचा सराफ काळी मखमल अंथरतो ती सोने उठून दिसावे म्हणून. अंधाऱ्या गुहेत आपला काळा योद्धा नुसती सावली होऊन जातो आणि नक्षीवर घातलेली मेहनत दिसत नाही. पट्टा आणि खांद्यांच्या कडा तेवढ्या पितळी ठेवा, मग एकदा उघड्या उन्हात आणि एकदा गुहेत उभे राहून पाहा. रंग पक्का करण्याचे बटण त्यानंतर दाबा.