मेडिकल जर्नलच्या लेखात तोच संदर्भ पुन्हा आला तर नवा क्रमांक द्यायचा का? आणि लेखकांची नावं किती लिहायची?

नवा क्रमांक द्यायचा नाही. पहिल्यांदा मिळालेला क्रमांकच शेवटपर्यंत वापरायचा. बहुतेक मेडिकल जर्नल संदर्भांना क्रमांक देणारी व्हँकुव्हर पद्धत पाळतात आणि आयसीएमजेई या मेडिकल जर्नलच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या शिफारशींनुसार त्यात क्रमांक मजकुरातल्या पहिल्या उल्लेखाच्या क्रमाने पडतात, आडनावाच्या अकारविल्हे नाही. सगळ्यात जास्त गोंधळ तक्त्यांमुळे होतो. एखादा संदर्भ फक्त तक्त्यात असेल, तर मजकुरात त्या तक्त्याचा पहिला उल्लेख जिथे येतो तिथला क्रमांक त्याला मिळतो. म्हणजे ‘तक्ता १’ हे शब्द संदर्भ ७ नंतर आले, तर तक्त्यातला पहिला नवा संदर्भ ८ होतो, मग तक्ता फाइलच्या शेवटी का असेना. हे हातानं सांभाळत बसू नका. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्यात परिच्छेद हलवला तरी क्रमांक आपोआप बदलतो.

लेखकांच्या नावांबाबत मात्र जर्नलप्रमाणे नियम बदलतो. काही ठिकाणी पहिले सहा लेखक लिहून ‘एट अल’ (म्हणजे ‘आणि इतर’) लावतात. लॅन्सेट आणि न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये सहापर्यंत सगळे द्यायचे, सातपासून पुढे फक्त पहिले तीन आणि ‘एट अल’. त्यामुळे लेखकांसाठीच्या सूचना आधी वाचा. जर्नलच्या नावाचं संक्षिप्त रूप एनएलएम (अमेरिकेचं राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय) कॅटलॉगमधूनच घ्या. आणि पाठवण्याआधी प्रत्येक संदर्भ पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत शोधून तो लेख मागे घेतला गेलेला नाही ना, हे बघा. ती खात्री कोणतंही सॉफ्टवेअर तुमच्या वतीनं पूर्णपणे देत नाही.